नवं कारण सांगा, आत या

फ्रेंचच्या सरांना शाळेत सगळे 'कोशसर' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं, की तोंडावर म्हटल्यासारखंच. एकवीस वर्षं त्यांनी एकच काम निष्ठेनं केलं होतं. रोज वीस शब्द फळ्यावर, तेच वीस वहीत, तेच दुसऱ्या दिवशी पाठ. त्यांच्या दहावीच्या पोरांना ऐरण, डोलकाठी आणि कानाची पाळी यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते झोपेतसुद्धा सांगता येई. तहान लागली हे मात्र सांगता येत नसे, तेव्हा ती मुकाट्यानं नळावर जात. लेखी परीक्षेत शंभरातले अठ्ठ्याण्णव पडत. अठ्ठ्याण्णव पडल्यावर बोलायचं कशाला, असा सर, पोरं आणि पालक या तिघांचा सुखाचा संसार चालला होता.

त्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बिब्बा घातला.

"सर, वरून पत्र आलंय. यंदा तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. निम्मी मुलं दोन-दोन मिनिटं बोलली नाहीत तर पुढच्या वर्षी फ्रेंच बंद."

"आणि मी?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला माणूस हवाच आहे."

सरांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षांत किती कव्हरं होतात याचा विचार करत ते घरी आले. बायको म्हणाली, "अहो, पण पोरांना बोलायला शिकवायचं म्हणजे तुम्हालाही बोलावं लागेल ना?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट. सर शेवटचं फ्रेंच बोलले होते ते नोकरीच्या मुलाखतीत. मुलाखत घेणाऱ्या तिघांनाही फ्रेंच येत नव्हतं, म्हणून तर निवड झाली होती.

आधी सरांनी आपल्या परीनं उपाय केला. 'माझा छंद' हा बारा ओळींचा उतारा सगळ्यांकडून घोटून घेतला. त्यामुळे चौतीस पोरांना एकच छंद लागला, टपाल तिकिटं जमवण्याचा, आणि मध्येच कुणी खोकलं की चौतीसही जण पुन्हा पहिल्या ओळीवर जात.

मग एका सोमवारी ती उगवली. शाळा साडेसातची, ही रोज पावणेआठला येई, म्हणून तिचं नावच 'पावणेआठ' पडलं होतं. पहिला तास फ्रेंचचा. सर आधीच वैतागलेले.

"कारण सांग. फ्रेंचमध्ये! नाहीतर राहा बाहेर."

बाहेरच राहील अशी सरांची खात्री होती. पण पावणेआठनं वर छताकडे पाहिलं आणि एकेक शब्द हुडकत फ्रेंचमध्ये म्हणाली, "सर... आजोबांच्या पायावर... ऐरण पडली."

"घरात ऐरण आली कुठून?"

"आजोबा लोहार."

"तुझे आजोबा पोस्टात होते ना?"

"ते आईचे बाबा. हे दुसरे."

"आणि पाय?"

"पाय आहे, सर. बूट नाही राहिला."

वर्ग खदखदून हसला आणि सरांना दोन गोष्टी एकदम कळल्या. घड्याळात अडीच मिनिटं गेली होती, आणि ते स्वतः आत्ताच फ्रेंच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वीस शब्दांऐवजी एक नियम आला. उशिरा आलात तर फ्रेंचमध्ये कारण सांगा. एकदा वापरलेलं कारण पुन्हा चालणार नाही. वर्गानं उलटतपासणी करायची, तीही फ्रेंचमध्येच.

महिन्याभरात पोरं सुटली. बसचं पंक्चर पहिल्याच आठवड्यात संपलं. अकरा आज्या वारल्यावर आज्यांवर बंदी आली. मग डोलकाठीवर अडकलेलं मांजर आलं, कानाच्या पाळीला डसलेली माशी आली. शाळेसमोरच राहणारा, जन्मात कधी उशीर न झालेला पोरगाही पानाच्या टपरीमागे दहा मिनिटं लपून मग येऊ लागला. त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, आमचा चिरंजीव वेळेवर निघतो हो, पण कारण सापडेपर्यंत शाळेत शिरत नाही!"

मोठ्या बाईंनी हजेरीपट पाहिला. चौतीसपैकी एकतीस उशिरा.

"सर, ही शाळा आहे की धर्मशाळा? परीक्षेच्या दिवशी साडेसातला एकूण एक मूल बाकावर दिसलं पाहिजे."

दिसलं. परीक्षेच्या दिवशी साडेसातला चौतीस पोरं हाताची घडी घालून बसली होती, आणि सरांनी ती दोनदा मोजून पाहिली. सगळी वेळेवर! म्हणजे सांगण्यासारखं कुणाकडे काहीच नाही. त्यांनी सरावाला म्हणून पहिल्या बाकावरच्याला फ्रेंचमध्ये विचारलं, "तुझा छंद कोणता?" तो म्हणाला, "टपाल तिकिटं," आणि खलास. सरांच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कव्हरं फडफडू लागली.

पावणेआठ वाजले, आठ वाजले, परीक्षक बाईंचा पत्ता नाही. आठ दहाला दार ढकलून त्या घामाघूम आत आल्या. "सॉरी हं, जरा उशीर..."

मागच्या बाकावरून पावणेआठ उठली. आयुष्यात पहिल्यांदाच ती दाराच्या या बाजूला होती. फ्रेंचमध्ये म्हणाली, "मादाम, कारण?"

सरांनी डोळे मिटले.

परीक्षक बाई गडबडल्या. फ्रेंचमध्येच म्हणाल्या, "बस... पंक्चर."

"झालंय ते!" वर्ग एका सुरात ओरडला, फ्रेंचमध्ये.

"कुठलं चाक?"

"चालत का नाही आलात?"

"ड्रायव्हरला मिशा होत्या का?"

"माझी... माझी आजी..."

"आज्या बंद, मादाम!"

बाई आधी लाल झाल्या, मग खुर्चीवर बसल्या. शब्द सापडेना तेव्हा पहिल्या बाकावरच्या टपाल तिकिटानंच तो पुरवला. शेवटी त्या अडखळत खरं ते बोलल्या. "मी साडेसातलाच आले होते. पण फाटकाबाहेर उभी राहून प्रश्न पाठ करत होते. मला लिहायला येतं. बोलायची भीती वाटते."

पावणेआठनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि निकाल दिला, "नवीन आहे. या आत."

परीक्षक बाईंनी अहवालात लिहिलं की मुलं उत्तम बोलतात, प्रश्न विचारायला मात्र वाव मिळाला नाही. फ्रेंच वाचलं. सरांची कव्हरंही टळली. पण मोठ्या बाई हजेरीपट विसरल्या नव्हत्या. नव्या वर्षाच्या वेळापत्रकात त्यांनी फ्रेंचचा तास उचलून शेवटचा केला. "आता कोण उशिरा येतं तेच बघते," म्हणाल्या.

सर हिरमुसले. शेवटच्या तासाला उशीर कुणाला होणार? खडू उचलून त्यांनी निमूटपणे वीस शब्द लिहायला घेतले. तिसऱ्या शब्दाला मागे बाक करकरला. वळून पाहतात तो पावणेआठ दप्तर खांद्याला लावून उभी. ती आता अकरावीत, शाळा मात्र तीच आणि फ्रेंचचा वर्गही सरांचाच.

"सर," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "मला आज जरा लवकर जायचंय."

तिच्यामागे आणखी सहा जण दप्तरं आवरत होते. सरांनी फळा पुसला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"सांग," ते म्हणाले. "आणि ऐरण नको."