शिसवीच्या रंध्यासाठी देहूरोडपर्यंत

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. चाकणची पोरं त्या दिवशी कपडे धुतात, झोपतात. मी जुनी सुतारी हत्यारं बघायला निघतो. खोलीचं दार घासतं, म्हणून खांद्याने ढकलूनच बाहेर पडावं लागतं.

"परत भंगार आणायला का, राव?" माझा खोलीतला जोडीदार संतोष पांघरुणातून म्हणाला. तो नांदेडचा, मी हिंगोलीचा.

माझ्या पलंगाखाली करवती, पटाश्या आणि एक सामता (दोरीने फिरवून भोक पाडायचं औजार) आहे. रंधा मात्र एकही नव्हता. तळवड्याच्या भंगारवाल्याने फोनवर सांगितलं होतं, देहूरोडला एका सुताराची पेटी विकायला निघते आहे, आत शिसवीचा रंधा आहे. मारुंजीचा एक हॉटेलवाला ती भिंतीवर टांगायला मागतोय आणि दुपारी येणार आहे. मला त्याच्या आधी पोचायचं होतं.

बस इंद्रायणी ओलांडून तळवड्यालाच थांबली, पुढे जाणार नाही म्हणाले. टपरीवर घाईघाईत पोहे खाल्ले. मग रिक्षाने निघालो. एका बाजूला लष्कराची लांबच लांब भिंत, तिच्या आत चिंचेची गर्द झाडं, मागे उघडे डोंगर. पिशवीतून माझा धार लावायचा दगड डोकावत होता.

"दगड घेऊन कॅन्टोन्मेंटात कुठं निघालास, भावा?" रिक्षावाला हसला. "आत घेतील तुला."

पोचलो तेव्हा त्या सुताराच्या घरच्या काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मूळच्या मावळातल्या. मी नाव-गाव सांगितलं.

"तू बी टांगणार का?"

"नाही काकू, वापरणार."

"रंधा मारता येतो?"

आठवीत शाळा सुटली, चाकणला आलो तेव्हा खिळासुद्धा वाकडा जायचा. पॅकिंगच्या पेट्या करायला फोरमनने हात धरून शिकवलं, त्याचे उपकार आहेत. पण तिथे सगळं मशीनवर. हाताचा रंधा मी गावाकडे सुताराच्या पडवीत थोडाफार मारलेला, तेवढाच.

"बघतो मारून," म्हणालो.

"मग ह्यो दरवाजा घासतोय, त्यो लागता कर. मालक (नवरा) गेल्यापासनं कुणी हात लावला न्हाई."

पेटी उघडली. रंधा काळाभोर, तेलकट, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. पात्याला दगडावर धार लावली, बसवलं, आणि कंपनीतल्या मशीनसारखा रंधा पातं खाली करून सरळ जमिनीवर उभा केला.

"उचल त्यो," काकू करड्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी तो स्वतः कुशीवर आडवा केला. "पात्यावर बसवत्यात व्हय? धार मरती. रंधा निजवायचा."

स्टुलावर चढलो. पहिलाच हात खालून वर मारला, तो लाकडाच्या रेषेच्या उलट गेला आणि भला मोठा कपचा निघाला. मारुंजीवाला आला तर पेटी त्यालाच द्यावी, असंही वाटून गेलं. मग वरून खाली मारला. अंगठा आपोआप त्या खळग्यात बसला आणि सागवानाचा पातळ पापुद्रा गुंडाळी होऊन पायाशी पडला. त्यामागे दुसरा.

दार आवाज न करता लागलं. काकूंनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"कपचा उडाल्याला दिसतोय की."

"चुकलं काकू."

"असू दे. दार तर लागलं."

तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. काकू म्हणाल्या, "पेटी गेली. न्हाई, भिंतीवर न्हाई. कामाला गेली."

काकूंनी सांगितली ती पेटीची रक्कम मी दिली. त्यांनी भाकरी-आमटी वाढली आणि बजावलं, "खंडेनवमीला (औजारं पुजतात तो दिवस) कुंकू लाव, विसरायचं न्हाई."

परतीच्या बसमध्ये पेटी मांडीवर होती. शेजारच्याने विचारलं, काय आहे? मी एरवी बसमध्ये अंग चोरून बसणारा माणूस. पण चटकन म्हणालो, "आमची हत्यारं." 'आमची' कसं निघालं कोण जाणे, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. या मुलखात इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मशीनवर काम केलं. एखाद्या कारागिराच्या घरून त्याचं काम माझ्या हातात येईल, असं गाव सोडताना मनातही नव्हतं.

खोलीवर संतोषने रंधा उचलून पाहिला आणि फरशीवर उभा ठेवला.

"निजव त्याला," मी म्हणालो.

त्याने तो कुशीवर ठेवला. मग दाराकडे बघत म्हणाला, "आपलं पण घासतंय की रे."

मी दगडावर तेल सोडलं.