फाटकावरची चूळ

"आ कर."

मी आ केला. मालकीणबाईंनी तांब्यातलं पाणी वरून तोंडात ओतलं.

"खळखळ. अजून. हां, आता थुंक. इथं, फरशीवर."

त्यांच्या ओसरीच्या पायरीला काळी शहाबादी फरशी होती. मी थुंकले. पाणी पांढरं निघालं.

"दूध निघालं गं हिचं!" मालकीणबाई ओरडल्या. ओसरीवर बसलेली माणसं हसली. "मेंढरामागची जात. चरल्याबिगर राहती व्हय?"

मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. पेरणीच्या आधी बियाण्यासाठी शेंगा फोडायला आमच्या वस्तीवरच्या बाया त्या घरी जायच्या, आईबरोबर मीही. दिवसभर भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, पण एक दाणा तोंडात टाकायचा नाही. संध्याकाळी निघताना प्रत्येकीनं चूळ भरून त्या फरशीवर थुंकायचं. दाणा खाल्लेला असला की चूळ दुधासारखी पांढरी पडते. काळ्या दगडावर लपत नाही. जिचं दूध निघालं तिला दुसऱ्या दिवशी कामावर बोलवत नसत.

त्या दिवशी आईनं मला मारलं नाही. ती वाकली आणि स्वतःच्या पदरानं माझी थुंकी पुसू लागली. मालकीणबाई वरून म्हणाल्या, "बैलाला मुसकं बांधत्यात ना तोंडाला? तसं बांधून आणत जा पोरीला."

आई म्हणाली, "व्हय, बाईसाहेब."

ते 'व्हय' माझ्या कानात राहिलं. पुढं मी पुष्कळ शिकले. ते गेलं नाही.

आमच्या आज्यानं मेंढरं विकली तेव्हापासून घरात जमीनही नव्हती आणि कळपही नव्हता. वडील अंकुशनगरकडं ऊसतोडीला जात. आई मिळेल त्या रानात जाई. मी झेडपीच्या शाळेत शिकले, मग परतूरला हॉस्टेलवर राहिले आणि शेवटी परभणीला अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली. आमच्या वस्तीवरची मी पहिली पदवीधर. बारावीला चांगले गुण पडले तेव्हा त्याच घरानं मारुतीच्या पारावर माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक बॅग. मी वाकून पाया पडले. मनापासून पडले. खोटं कशाला सांगू?

मालकीणबाई नंतर वारल्या. त्यांचा नातू पुण्याहून शिकून आला. त्याला सगळे भैय्यासाहेब म्हणतात. त्यानं वाटूरच्या अलीकडं, रोडला लागून शेंगदाण्याचा प्लांट टाकला. शेंग आत गेली की टरफल निघतं, खडे वेगळे होतात, दाणा भाजला जातो, पाकिटात भरून बाहेर येतो. मधे एक मशीन आहे. ते दाण्याचा रंग ओळखतं. काळवंडलेला दाणा आला की हवेचा फटका बसतो आणि तो बाजूला उडतो. पुस्तकात वाचलेलं ते मशीन माझ्याच तालुक्यात, माझ्या डोळ्यांसमोर चालू झालं तेव्हा मला रडू आलं. आमच्याकडची शेंग पोत्यात भरून बाहेर जायची आणि पाकिटातून परत यायची. आता ती इथंच भाजणार होती. आणि त्यात माझी नोकरी. क्वालिटीची. पांढरा कोट, खिशावर माझं नाव.

मशीन असलं तरी शेवटची निवड हातानं होते. पट्टा फिरत राहतो आणि दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून खराब दाणा वेचतात. बाया आणायचं काम माझ्यावर आलं. मी आमच्या वस्तीवर गेले.

पारूमावशी आमच्या शेजारची. तिनं पगार विचारला नाही, सुट्टी विचारली नाही. तिनं विचारलं, "चूळ भराया लावत्यात का गं तिथं?"

मला हसू आलं. "मावशे, कंपनी हाय ती. कॅमेरे हायेत, कायदा हाय. चूळबिळ काही न्हाई तिथं. मी हाय ना!"

"मंग बराबर हाय," मावशी म्हणाली. "तू हायेस तर येतो."

माझ्या या शब्दावर त्या आल्या. आईसुद्धा आली.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना टोपी आणि मास्क वाटले. पारूमावशीनं मास्क बोटावर धरून फिरवला. "हे तर मुसकंच की गं! आता गळ्यात घुंगरं बांधा अन् जुंपा आम्हाला." बाया खदाखदा हसल्या. मी समजावलं. खाण्याची वस्तू आहे, श्वास पडू नये, डॉक्टरही लावतात. त्यांनी ऐकलं. मी सांगितलं म्हणून ऐकलं.

उद्घाटनाआधीचे चाचणीचे दिवस सुरू झाले. एका दुपारी भैय्यासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"माल वजनात कमी भरतोय."

"साहेब, भाजल्यावर ओलावा जातो. साल निघते. तेवढी घट येणारच."

"ते मला शिकवू नकोस. बाया खातात." ते खुर्चीत मागं रेलले. "आमच्या आजीची पद्धत बेस्ट होती. सुट्टी झाली की फाटकावर चूळ. उद्घाटनाच्या दिवसापासून चालू करायचं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बोर्डावर 'माउथ रिन्स' असं लिही. वर 'हायजीन' टाक. पट्ट्याजवळून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं, असं लिही, म्हणजे नियम वाटतो. आणि बघायला तू उभी राहा. तुमच्यातल्याच आहेत. तू असलीस की कुणी तोंड वर करणार नाही."

"साहेब, हे बरोबर नाही."

ते रागावले नाहीत. हसले. "सत्कार कुणी केला होता गं तुझा? बॅग कुणी दिली? आणि ही नोकरी?"

मी बाहेर आले आणि बोर्ड लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "भरू की. चूळच तर हाय. तोंडाला काय भोकं पडून राह्यलीत? मी एक दाणा खात न्हाई, मला कशाचं भ्या? तुझी नोकरी जाऊ नये, बास."

"आणि मी शब्द दिल्ता त्याचं काय?"

"शब्दावर पोट भरतंय व्हय?"

उद्घाटनाला मांडव होता, लाल फीत होती, जालन्याहून व्यापारी आणि पुढारी आले होते. फीत कापून सगळे थेट आत शिरले. डोक्याला टोपी नाही, तोंडाला मास्क नाही, पायात चिखलाचे बूट. पट्ट्यावरचा गरम दाणा मुठी भरभरून उचलला. चोळून साल फुंकली, ती बायांच्या अंगावर उडाली. "वा, वा! काय चव आहे!" एकानं खिसा भरून घेतला. भैय्यासाहेबही खात होते आणि खाऊ घालत होते.

पारूमावशी मास्कच्या आडून पुटपुटली, "पाव्हण्यांना मुसकं न्हाई व्हय गं?"

मी ऐकलं.

पाळी सुटली. फाटकाजवळ वॉचमननं स्टीलचं घमेलं ठेवलं होतं, बाजूला पाण्याचा जार आणि ग्लास. वर माझ्या अक्षरातला बोर्ड. पाहुणे हातात गुच्छ घेऊन तिथंच गाड्यांची वाट बघत उभे होते. बायांची रांग लागली. पारूमावशीनं बोर्डाकडं बघितलं. तिला वाचता येत नाही. मग घमेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

रांगेत सगळ्यांत पुढं माझी आई होती. मुद्दाम पुढं आली होती. तिनं भरली म्हणजे बाकीच्या भरतील आणि पोरीची नोकरी राहील, एवढाच तिचा हिशेब. तिनं मास्क खाली ओढला आणि वॉचमनला दाखवायला आ केला. बाजारात जनावराचे दात बघायला जबडा फाकवतात, तसं. फरक इतकाच की जनावर मान झटकतं.

मी पुढं झाले आणि तिच्या हातातला ग्लास घेतला. काही ठरवलं नव्हतं. ग्लास घेऊन मी चालत भैय्यासाहेबांसमोर गेले.

"भैय्यासाहेब, चूळ भरा."

"काय?"

"नियम आहे. पट्ट्याजवळून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं. तुम्ही दाणे खाल्लेत, पाहुण्यांनी खाल्लेत. या, घमेल्यात थुंका. दूध निघतं का बघू."

एक व्यापारी आधी हसला. गंमत वाटली असेल. मग त्यानं रांग बघितली, घमेलं बघितलं आणि गुच्छ सावरत गाडीकडं निघाला. भैय्यासाहेब जवळ आले. दात आवळून म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? कुणाच्या जिवावर शिकलीस?"

मी आईकडं बोट केलं. "हिच्या."

"कोट काढ आणि निघ."

मी कोट काढला. पाणी जमिनीवर ओतलं. ग्लास त्यांच्या हातात दिला.

आई माझ्याबरोबर बाहेर आली, पण शाबासकी द्यायला नाही. रस्ताभर मला शिव्या घालत होती. "जल्दी लई तुला! घालवलीस ना नोकरी? आता खा तुझा मान." पारूमावशी आणि आणखी दोघीतिघी चूळ न भरता आल्या. बाकीच्या राहिल्या. आमच्या पाठीमागं घमेल्यात थुंकल्याचा आवाज येत होता. एकीचा. मग दुसरीचा. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही चुली आहेत.

गावात बोललं जातं की मी उपकार विसरले. सरपंच घरी येऊन गेले. "माफी माग, पोरी, घेतील परत." मी उपकार विसरले नाही. परीक्षेची फी भरणारे सर मला आठवतात. आजारपणात वेगळी खिचडी करून देणाऱ्या हॉस्टेलच्या काकू आठवतात. वाकून फरशी पुसणारी आई आठवते. त्यांची मी मरेपर्यंत ऋणी आहे. त्या घराचं माझ्याकडं काही नाही. त्यांनी एका पोरीला बॅग दिली आणि तिच्या आईचं तोंड ते स्वतःच्या मालकीचं समजले.

आता रोज पाळी सुटायच्या वेळी मी फाटकासमोर उभी राहते. रस्त्याच्या पलीकडं. घोषणा देत नाही. बाया बाहेर येतात तेव्हा त्यांना मी दिसते, एवढंच. पारूमावशी माझ्याजवळ उभी राहायला येते. आई येत नाही. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. काल आतल्या दोघींनी ग्लास हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, तसाच खाली ठेवला आणि बाहेर पडल्या.

वॉचमन आला होता. "ताई, साहेब म्हणले, हटवा तिला."

"रस्ता कुणाचा हाय, भाऊ?"

"सरकारचा."

"मंग?"

तो गेला. थोड्या वेळानं भैय्यासाहेबांची गाडी थांबली. काच खाली आली. "किती दिवस उभी राहणार आहेस?"

"तुम्ही ते घमेलं उचलेपर्यंत. त्यानंतर मी आत येणार आहे. ते मशीन मला चालवता येतं. नोकरी द्या म्हणून येणार नाही, माझं काम आहे म्हणून येणार."

काच वर गेली. मी उभीच राहिले. उद्याही जाणार आहे.