नियम मोडलेला भाग

वडिलांचं आणि माझं एक खूळ सामाईक होतं. दर शुक्रवारी टीव्हीवर लागणारी, काळात मागे जाण्याची एक मालिका. तिच्यातली नायिका बंद पडलेल्या स्टेशनच्या वेटिंग रूमचं दार उघडते आणि गेलेल्या वर्षांत उतरते. नियम एकच. मागे जाऊन बघावं, बोलावं, जेवावंसुद्धा. पण तिथलं काही बदलायचं नाही आणि कुणाला सोबत आणायचं नाही. भाग संपला की माझा फोन नंदुरबारहून तापीकाठच्या आमच्या गावी जायचा. वडील ‘हॅलो’ म्हणायच्या फंदात पडत नसत. “आज चुकनी ती!” अशीच सुरुवात. साखर कारखान्यात आयुष्यभर नियमाने नोकरी केलेला माणूस. लेखकाने जरा सूट घेतली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझाही होतो. रक्तच ते.

आई या सगळ्याला ‘येडाचाळा’ म्हणायची आणि आम्ही फोनवर असलो की स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम आपटायची.

वडील गेल्या हिवाळ्यात वारले. त्याआधी काही महिने त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसला जात होता. मी फोन केला की मालिकेचं काहीबाही बोलायचे, त्यामुळे मला वाटायचं, अजून बरंच शिल्लक आहे.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. वर्षभरात कुणी वारलं असेल तर त्याच्या नावाची पहिली घागर. ती भरली की माणूस पितरांत जाऊन बसला, असं मानतात. मी माहेरी आले तेव्हा भावाने कुंभाराकडून नवी घागर आणून ठेवली होती आणि आई हटून बसली होती, यंदा भरायची नाही. का, ते सांगेना. भाऊ समजावून थकला. शेवटी “तूच बोल तिन्हासंगे,” असं मला सांगून शेतात निघून गेला.

आखाजीची आदली संध्याकाळ नेमकी शुक्रवारची. बोलणं लांबणीवर टाकायला बरं म्हणून मी टीव्ही लावला. आई पुरणाची डाळ निवडत माझ्या मागे बसली.

त्या दिवशी नायिका तिच्या मेलेल्या वडिलांकडे जाते. पोचते तेव्हा त्यांची लेक, म्हणजे लहानपणची ती स्वतःच, सहा-सात वर्षांची, शाळेत गेलेली. समोर उभी राहिलेली ही चाळिशीची बाई त्यांना कशी ओळखू येणार? ते विचारतात, “कुणाकडे आलात, बाई?” आणि तांब्याभर पाणी आणून देतात. ती पाणी पिते. बस. मी ढसाढसा रडले. “याला म्हणतात लिहिणं,” असं मोठ्याने म्हणालेसुद्धा.

आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळी माती. ती वडिलांचा हात धरते आणि त्यांना ओढत दारातून आजच्या काळात घेऊन येते. वर सनई. इतकी वर्षं पाळलेला नियम खुंटीला टांगला. माझा संताप संताप झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे तो ऐकवायला फोनच्या पलीकडे कुणी उरलं नव्हतं.

“ते शेवटनं फिरी लाव,” आई म्हणाली.

नव्या टीव्हीवर भाग मागे नेता येतो. मी नेला. तिने पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं.

“माय, हाई खोटं शे,” मी चिडून म्हणाले. “कोनले संगे लई येवाना नियमच नही शे.”

“मले समजस. मी काय येडी शे का?” तिने डाळीचं ताट खाली ठेवलं. “पन पहिलं ते मले पहावायनं नही. शेवटला महिना तुन्हा बाप मले रोज तेच इचारेत. कोनाकडे उनात, बाई?”

आणि आई रोज काय करायची? पाणी आणून द्यायची. मला किंवा भावाला तिने कधी सांगितलं नव्हतं. ज्या प्रसंगाला मी दाद देत होते तो ती माझ्या मागे बसून दुसऱ्यांदा भोगत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तिची दया आली.

“त्या मले वळखाविना गयात,” ती म्हणाली. “आशेच कशा धाडू त्यासले?” मग तिने विचारलं, “पितरमा गयावर मानुसले सगळं याद येस का व?”

पितर वगैरे मी मानत नाही. वडीलही फारसे मानत नसत. “येस,” मी म्हणाले. “सगळं याद येस. नियमच शे तो.” मालिकेच्या लेखकालाही जमलं नसतं इतक्या बेधडकपणे मी तो नियम तिथल्या तिथे बनवला.

सकाळी घागर आईनेच भरली. तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे, सांजोऱ्या मांडल्या. भाऊ गोवरीच्या निखाऱ्यांवर एकेकाच्या नावाने तुपाचा घास टाकू लागला. पणजोबा झाले, आजोबा झाले. पुढचं नाव त्याला घेता येईना. घास हातातच राहिला.

आईने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ते सांगायला आम्हा पोरांना पुढे करायची. तिने भावाला बाजूला सारलं, त्याच्या हातातला घास घेतला आणि नाव घेतलं, शेताच्या पार त्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्याने. मग निखाऱ्यांकडे वाकून हळूच म्हणाली,

“मी शे. वळखं ना?”