धाकटीचा ताप

निलगिरी तेलाचा वास आला की सिन्नरच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. धाकट्या बहिणीला ताप भरला होता. आईने तिच्या छातीला तेल चोळून वर दोन गोधड्या घातल्या होत्या. पाणी प्यायला म्हणून ती उठली आणि माझ्यासमोरच कोसळली. शुद्धीवर आली तशी तिला नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जायला बारीक दारं असतात. ताप चढला की इतरांची ती दारं भराभर उघडतात, हिची मागे पडतात. मग ठोके बिघडतात. हा दोष जन्मापासूनचा आहे, मोठीचंही रक्त तपासू." माझ्यात तो दोष निघाला नाही. ऐकताच आईने मला मिठी मारली, "देवानं एक तरी सोडली गं!" बाकावर बसलेली धाकटी आमच्याकडेच बघत होती. "सुटलीस ताई," ती हसून म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना. आता ती औषधांवर बरी आहे, पण अंगात जरा कसकस आली तरी घाबरते. मला ताप आला तर मी तिला कळवत नाही, आवाज बसलेला असेल तर फोनही उचलत नाही. माझा ताप एका गोळीने उतरतो, हे तिला सांगायची लाज वाटते.