मारुतीचा शनिवार

आई ठाण्याला एकटी असते. तिचं माझ्याकडे एकच मागणं होतं, "माझ्यावर एकदा लिही. मी गेले की आपल्यातलं सांगणारं कोणी उरणार नाही." आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथला, तो बंद ठेवायचे. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं.

शारजात आल्यावर सात वर्षांनी ती कथा एकदाची लिहिली, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. कथेतली आई शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथचा तेलाचा दिवा लावते, नवसाच्या मलिद्याचे पोहे गुळात कालवते, चौकटीला ठोकलेल्या मेझुझाला, धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवते. सगळं जसंच्या तसं तिचंच.

कथा पाठवली आणि गाझात युद्ध पेटलं. टीव्हीवर रोज मेलेली मुलं दिसायची, घास गिळवत नसे. तरी ऑफिसात कोणी धर्माचा विषय काढला की मी चहा आणायला उठायचे. आडनाव 'कर'वालं, त्यामुळे निभावत होतं.

मग अंकाच्या संपादिकेचा फोन आला.

"अगं, स्टोरी एकदम मस्त आहे. पण सध्या टाइमिंग बघतेस ना? कोणी ग्रुपवर फॉरवर्ड केली तर खलास! ते ज्यू वगैरे काढून टाक ना, प्लीज. आई काय गं, सगळ्यांची सेमच असते."

मी तिच्याशी भांडायला हवं होतं. मी "चालेल" म्हणाले. शब्बाथचा मारुतीचा शनिवार केला, मलिद्याचा प्रसाद, मेझुझाचा देव्हारा. तेलाला तर हातही लावावा लागला नाही, मारुतीला ते चालतंच. वीस मिनिटांत आई पुसून झाली. इतकी भित्री मी कधीपासून झाले, मला माहीत नाही.

अंक निघाला. आईला हल्ली डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून रविवारी फोनवर मीच वाचून दाखवायची होती. ऐनवेळी जुने शब्द घालीन, असं मनाशी ठरवलं होतं.

"छापलंय तस्संच वाच हं," आई म्हणाली.

वाचलं. छापलं होतं तसंच, मारुतीसकट.

"छान लिहिलंयस. भली बाई वाटते. कुणाची गं आई ही?"

"माझ्या एका मैत्रिणीची."

"असं होय," आई म्हणाली. "मग माझ्यावर कधी लिहितेस?"