उघडी मुळं

बाल्कनीत वर्तमानपत्रावर अडेनियमचं झाड आडवं पडलंय. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ह्यांनीच ते कुंडीतून उपटलं, कुजलेली मुळं छाटली आणि मला बजावलं, “जखम सुकेपर्यंत पाणी घालू नकोस. फक्त खोड दाबून बघत जा. टणक लागलं की समजायचं, जीव आहे.”

आंघोळीपुरती घरी आले की मी आधी त्याच्यापाशी जाऊन बसते. रखरखीत वाळवंटातलं झाड हे, तहान त्याला नवी नाही. तरी शेंड्याला दोन गुलाबी फुलं घेऊन ते असं उघड्या मुळांनी पडलेलं बघवत नाही. भरलेला तांब्या मी तसाच परत ठेवते. काही न करता नुसतं जवळ बसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

दवाखान्यातही तेच. ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, अजून पाणी द्यायचं नाही म्हणतात. मी ओल्या कापसाने ओठ तेवढे पुसते.

“त्याला पाणी नाही ना घातलंस?” ह्यांनी आज पुटपुटत विचारलं.

“नाही हो.”

ह्यांनी डोळे मिटले. मी हात हातात घेतला, आणि माझा अंगठा आपोआप ह्यांचा तळवा दाबून बघू लागला.