कोकोची सर्दी

जानेफळात सोजराबाईंची पिठाची गिरणी आहे आणि जगाबद्दल त्यांचं मत वाईट आहे. कुणाची ज्वारी किडकी, कुणाच्या गव्हात खडे, कुणाची सून डबा न पुसता दळण आणते, हे त्या गिरणीचा पट्टा चढवता चढवता चारचौघांत सांगतात. एकुलता एक मुलगा हर्षल पुण्यात मोठ्या नोकरीवर, एवढंच काय ते मान ताठ करून सांगायचं. तो महिन्यातून एकदा फोन करतो, तोही गाडी चालवताना, हे मात्र त्या कुणाला सांगत नसत.

त्याच हर्षलने एक दिवस मांजर आणून सोडली. पुण्याच्या फ्लॅटला रंग द्यायचा होता आणि वासाने कोकोला त्रास होतो म्हणे. आमच्याकडे मांजर पोत्यात घालून आणतात, परतीची वाट कळू नये म्हणून. ही बया एसी गाडीतून, टोपलीत, गादीवर बसून आली. नाक चपटं, अंगावर केसांचं जंगल. सोबत तिचं खाणं, तिचा कंगवा, तिची हागायची वाळू. शिवाय सूनबाईंनी, म्हणजे अनुपमाने, सासूसाठी कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. पहिलीच सूचना, दूध देऊ नये.

"मांजरीले दूध नाही?" सोजराबाई शेजारच्या अंबूबाईंना म्हणाल्या. "मंग काय काढा पाजू?"

गिरणीत उंदरांचा सुळसुळाट. पहिल्याच दिवशी एक उंदीर कोकोच्या शेपटीवरून गेला, तर हीच पळून डब्यामागे लपली.

"थू तुह्या जिंदगीवर!" सोजराबाई म्हणाल्या. तरी रोज शिव्या देत देत त्या तिचे केस विंचरायच्या. कारण संध्याकाळी सातला हर्षलचा व्हिडिओ कॉल यायचा. रोज, न चुकता.

"आई, कोको जेवली का? दाखव ना."

मग तो अर्धा तास त्या फतकल मारून बसलेल्या आळशी जिवाशी लाडे लाडे बोलायचा. एवढं तो आईशी उभ्या जन्मात बोलला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात सोजराबाईंना ताप भरला. गिरणी दोन दिवस बंद. सातला फोन आला तेव्हा त्यांना खोकल्याने बोलवत नव्हतं.

"आई, जरा बाजूला हो, कोको दिसत नाहीये," हर्षल म्हणाला.

असला दिवटा आपल्याच पोटी यावा, याची त्यांना किळस आली. पण फोन ठेवल्यावर त्यांनी तो चार्जिंगला लावला. उद्या सातला ऐन वेळी बंद पडायला नको.

रंगकाम संपलं. हर्षल रिकामी टोपली घेऊन दारात उभा राहिला. सोजराबाईंनी कोकोला पदराखाली घट्ट धरलं.

"तिले सर्दी झाली," त्या म्हणाल्या. "दोन दिसापासून शिंकून राह्यली. एवढ्या दूर कशी नेशीन?"

हर्षलचा चेहरा पडला. त्याने कोकोच्या नाकाला हात लावून पाहिला, पुण्याच्या डॉक्टरला फोन केला. आईच्या कपाळापर्यंत काही तो हात गेला नाही.

"मग राहू दे अजून महिनाभर," तो म्हणाला. "मी दिवसातून दोनदा फोन करतो."

गाडी रस्त्याला लागल्यावर सोजराबाईंनी कोकोला खाली सोडलं.

"काय पाह्यतं वं भवाने?" त्या म्हणाल्या. "सात वाजले की नीट शिंकत जाय."

आणि पदराने त्यांनी स्वतःचं वाहतं नाक पुसलं.